मायक्रोवेव्हचा सेन्सर सारखा गंडतोय? कव्हरच्या स्क्रूला हात लावायच्या आधी हे बघा

आमचा मायक्रोवेव्ह सात वर्षांचा आहे आणि एवढ्या काळात त्याचा सेन्सर पाच वेळा "गेला". त्यातला खरा गेलेला एकदाच, आणि तोही माझ्याच हाताने गेला, ते पुढे सांगतो. बाकीचे चार वेळा सेन्सर बिचारा ठणठणीत होता, त्याच्यापर्यंत वाफच पोचत नव्हती किंवा नको तेव्हा पोचत होती. मग ताईच्या घरचा, शेजारच्या काकूंचा, ऑफिसच्या पॅन्ट्रीतला असं करत करत आता कुणाचा मायक्रोवेव्ह रुसला की फोन मला येतो. मी मेकॅनिक नाही. पण तेच तेच बघून एक क्रम बसलाय, तो लिहून ठेवतो.

आधी लक्षणं, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल.

- ऑटो रिहीट किंवा सेन्सर कुक लावलं की वीस-तीस सेकंदांत "झालं" म्हणून बंद होतं, आत सगळं थंडगार
- उलट प्रकार, थांबतच नाही, कडा वाळून कडक होतात आणि शेवटी एरर येतो
- पॉपकॉर्नचं बटण कधी अर्धे दाणे तसेच ठेवतं, कधी कोळसा करतं
- स्क्रीनवर एरर कोड येतो, प्लग काढून लावला की जातो, दोन दिवसांनी परत हजर
- कन्व्हेक्शनवाला (ओव्हनसारखा गरम हवेने भाजणारा) असेल तर प्रीहीट क्षणात संपतं नाहीतर संपतच नाही
- आणि मुख्य म्हणजे, हाताने टाइम टाकून लावला की सगळं व्यवस्थित गरम होतं

हा शेवटचा मुद्दा सगळ्यात कामाचा. हाताने वेळ टाकूनही गरम होत नसेल तर प्रॉब्लेम सेन्सरचा नाहीच, मॅग्नेट्रॉन (मायक्रोवेव्ह लहरी तयार करणारा भाग) किंवा त्याच्या हाय व्होल्टेज भागाचा असायची शक्यता जास्त, तिथे घरी करण्यासारखं काही नाही, सरळ मेकॅनिकला बोलवा.

एरर कोडबद्दल एक सांगतो, नेटवर कुणीतरी लिहिलेला अर्थ बघून पार्ट मागवू नका. एकाच कोडचा अर्थ एका कंपनीत सेन्सर तर दुसऱ्या कंपनीत दार किंवा कीपॅड असतो, म्हणून आपल्याच मॉडेलचं मॅन्युअल काढा. कोड काय आहे याच्याइतकंच तो कधी येतो हेही बघा. स्टार्ट दाबल्या दाबल्या आला तर वायर, कनेक्टर, सेन्सर किंवा बोर्ड (मशीन चालवणारं आतलं सर्किट). चार-पाच मिनिटं चालून मग आला तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की मशीन वाफेची वाट बघून कंटाळलं.

हा सेन्सर करतो काय ते थोडक्यात, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बऱ्याच सेन्सरवाल्या मायक्रोवेव्हमध्ये तो आर्द्रतेचा सेन्सर असतो आणि तो जेवण ठेवतो त्या जागेत नसतो, आतली हवा ज्या वाटेने बाहेर जाते त्या वाटेवर असतो. छोटीशी डबी असते, बऱ्याच मॉडेलमध्ये तिच्यात दोन थर्मिस्टर (तापमानाप्रमाणे रेझिस्टन्स बदलणारे छोटे भाग) असतात, एक कोरड्या वायूत सीलबंद आणि दुसरा भोकांतून येणाऱ्या हवेला उघडा. दोन्ही गरम ठेवलेले असतात. दमट हवा आली की उघड्या थर्मिस्टरची उष्णता वेगळ्या वेगाने जाते, दोघांत फरक पडतो आणि त्या फरकावरून बोर्डाला कळतं की वाफ आली. सुरुवातीला बोर्ड कोरड्या हवेचं रीडिंग घेऊन ठेवतो, मग वाफेची वाट बघतो, आणि वाफ यायला जेवढा वेळ लागला त्यावरून उरलेला वेळ काढून स्क्रीनवर दाखवतो. म्हणजे त्याला तुमचं जेवण दिसत नाही की त्याचं तापमान कळत नाही, त्याला फक्त वाफ कळते. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे प्रॉब्लेम आपोआप सुटतात.

कन्व्हेक्शनसाठी असतो तो वेगळा, साधा तापमानाचा थर्मिस्टर, गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. त्याच्याकडे शेवटी येऊ.

१. भिंतीवरचं बटण

हा माझाच शहाणपणा. वीज वाचवायची म्हणून मी मायक्रोवेव्ह भिंतीवरूनच बंद ठेवायचो, लागला की चालू करायचो आणि लगेच सेन्सर रिहीट दाबायचो. कधी चालायचं, कधी नाही, महिनाभर डोकं खाल्लं. वर म्हटलं ना की तो सेन्सर गरम झालेला लागतो, तर करंट मिळाल्यावर त्याला स्थिर व्हायला दोन-तीन मिनिटं जातात, त्याच्या आत दाबलंत तर पहिलं रीडिंगच चुकतं आणि पुढचा हिशोबही चुकतो. त्यामुळे पहिली चाचणी फुकटातली: प्लग काढा, पाच मिनिटं थांबा (अडकलेला बोर्ड रीसेट व्हायचा असेल तर तोही होतो), परत लावा, घड्याळ सेट करा, आणि तीन मिनिटं काहीही दाबू नका. मग वापरून बघा. बटण घालवायची सवय असेल तर निदान सेन्सरचे प्रोग्रॅम लावायच्या आधी एवढी उसंत द्याच.

२. ओलावा आणि आधीची गरमी

ताईच्या घरी हेच होतं. ती काचेची प्लेट रोज धुवायची, छान सवय आहे, पण निथळती प्लेट तशीच आत ठेवायची आणि वर जेवण. मायक्रोवेव्ह चालू झाला की सगळ्यात आधी त्या पाण्याची वाफ व्हायची आणि सेन्सर म्हणायचा, झालं! बावीस सेकंदांत बंद. मी गेलो, प्लेट उचलली, तर खालच्या चाकांच्या रिंगमध्ये पाण्याचं गोल तळं. कोरड्या फडक्याने प्लेट दोन्ही बाजूंनी, रिंग, खालचा तळ, दाराची आतली बाजू, आणि भांड्याचा बाहेरचा भाग पुसला. बास. त्या मशीनचा प्रॉब्लेम तिथेच संपला.

लागोपाठ दोन-तीन पदार्थ गरम करतानाही हेच, आधीची वाफ आतच घोटाळत असते. दार उघडं ठेवून दहा मिनिटं जाऊ द्या. घाई असेल तर दुसऱ्या वेळी हाताने टाइम टाका, उगाच सेन्सरशी भांडू नका.

३. झाकण, मात्रा आणि दाराशी खेळणं

घट्ट झाकण लावलं तर वाफ बाहेर येत नाही, सेन्सर वाट बघत बसतो, जेवण करपतं. झाकणच नसेल तर वाफ पहिल्यापासून थोडी थोडी निसटत राहते, त्याला नेमका क्षण सापडत नाही. सैल झाकण किंवा क्लिंग फिल्मचा एक कोपरा उघडा हवा, म्हणजे वाफ साठते आणि मग एकदम एका ठिकाणाहून बाहेर पडते. मात्रा अगदीच कमी असेल, दोन-तीन घास, तर पुरेशी वाफच होत नाही, तिथे सेन्सर मोड वापरूच नका. दगडासारखा गोठलेला पदार्थ असेल आणि तुमच्या मशीनमध्ये त्याच्यासाठी वेगळा प्रोग्रॅम असेल तर तोच लावा.

आणि दार. स्क्रीनवर उरलेला वेळ दिसायच्या आधी दार उघडलं की जमा झालेली वाफ गेली आणि हिशोबही गेला. एकदा काउंटडाउन सुरू झालं की मग खुशाल उघडा, ढवळा, परत लावा. हे घरातल्या सगळ्यांना सांगावं लागतं, कारण डोकावणारा माणूस प्रत्येक घरात एक असतोच.

४. साफसफाई, आणि माझं पाप

मायक्रोवेव्हसाठी चालणाऱ्या वाडग्यात कपभर पाणी, त्यात लिंबाचा रस किंवा व्हिनेगर, एक लाकडी काडी (पाणी न उकळता अति तापतं आणि हात लावल्यावर अंगावर उसळतं, ते होऊ नये म्हणून), फुल पॉवरवर तीन-चार मिनिटं. मग दार न उघडता पाच मिनिटं तसंच ठेवा. चिकटलेलं सगळं सैल होतं. ओल्या मऊ कापडाने पुसा, नंतर कोरड्याने. आतल्या भिंतीवर बारीक भोकांचे पट्टे दिसतील, तिथून हवा आत येते आणि बाहेर जाते, ती भोकं तेलाने बुजलेली असतील तर सेन्सरला वाफ मिळणार कशी? बाहेरून मागच्या आणि बाजूच्या जाळ्यांवरची धूळ कोरड्या ब्रशने काढा, प्लग काढून.

जाळीत सफाईचा स्प्रे मारू नका. मी मारला होता. जाळीवर तेलाचा पिवळा थर होता, म्हटलं एकदाच चकाचक करू, फुसफुस केलं, पुसलं, आणि त्या दिवसापासून सेन्सरचा एक प्रोग्रॅम धड चालला नाही. दोन आठवडे वाळायची वाट बघितली. शेवटी मेकॅनिकने उघडून दाखवलं, त्या डबीच्या भोकांवर पांढरट कवच बसलं होतं. तो एकच खरा गेलेला सेन्सर. सुई, पिन, टूथपिक असलं काही भोकात घालायचं नाही हे वेगळं सांगत नाही.

आत बाजूला एक पातळ पुठ्ठ्यासारखी पाटी असते, अभ्रकाची. ती काढू नका, फक्त हलक्या हाताने पुसा. तिच्यावर जळकट काळा डाग किंवा भोक असेल, किंवा तिथे ठिणग्या उडत असतील तर मायक्रोवेव्ह वापरणं बंद, ती पाटी बदलेपर्यंत.

५. जागा आणि हवा

काकूंचा मायक्रोवेव्ह कपाटात अगदी मापात बसवलेला, वर डब्यांची चळत. गरम दमट हवा बाहेर पडून परत आतच खेचली जात होती. बहुतेक मॅन्युअलमध्ये वरती २० ते ३० सेंटिमीटर मोकळी जागा सोडायला सांगतात, मागे आणि बाजूलाही थोडी, तुमच्या मॉडेलचा आकडा बघून घ्या. बिल्ट-इन मॉडेलचा हिशोब वेगळा, त्याला त्याची फ्रेमच लागते.

हवा नीट वाहतेय का बघायची एक सोपी युक्ती. आत कपभर पाणी ठेवून चालू करा आणि टिश्यू पेपरची पातळ पट्टी जाळ्यांसमोर धरून फिरवा. एका जाळीपाशी ती बाहेर फडफडेल, तीच बाहेर जायची वाट. पाणी उकळायला लागलं की तिथे छोटा आरसा धरा. आरशावर वाफ धरली म्हणजे वाफ त्या वाटेवर येतेय. पट्टी कुठेच हलली नाही तर पंखा गेलाय किंवा वाट तुंबलीय, आणि पंखा आतल्या महत्त्वाच्या भागांना थंडही ठेवत असतो, त्यामुळे तसंच दामटत राहू नका.

६. पॉवर कमी पडतेय का

हे फार जण बघत नाहीत. पॉवर कमी असली तर वाफ उशिरा होते, सेन्सर वाट बघून एरर देतो आणि शिव्या सेन्सरला. पॅन्ट्रीतल्या मायक्रोवेव्हचं हेच झालं होतं, बारीक वायरच्या एक्सटेन्शनवर लावलेला, त्याच एक्सटेन्शनवर किटली. आमच्या घरीही एकदा हेच निघालं. दहा मिनिटं चालवून प्लग काढा, पिना चांगल्याच गरम लागल्या तर सॉकेट ढिलं आहे किंवा वायर पुरत नाही. मायक्रोवेव्ह थेट भिंतीच्या सॉकेटमध्येच हवा, आणि ढिलं सॉकेट इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्या.

पॉवर मोजायचीच असेल तर १ लिटर पाणी मोजून घ्या, ढवळून तापमान लिहा, फुल पॉवरवर बरोबर १ मिनिट, बाहेर काढून ढवळून परत तापमान. जेवढे अंश वाढले त्याला ७० ने गुणा, अंदाजे तेवढे वॅट. समजा २६ चं ३७ झालं, ११ गुणिले ७०, म्हणजे ७७० वॅट. हे मागच्या लेबलवरच्या आउटपुट आकड्याशी ताडायचं, इनपुटशी नाही, इनपुट नेहमीच बराच जास्त असतो. घरच्या मोजमापात थोडं कमी येणारच, पण ८०० च्या जागी ४५० आले तर सेन्सरचा विषय सोडून द्या. (थर्मामीटर आत ठेवून मायक्रोवेव्ह चालू करायचा नाही, कृपया.)

७. आता खरी सेन्सरची परीक्षा

वरचं सगळं झालं, आतून कोरडं आहे, प्लग लावून तीन मिनिटं झालीत. वाडग्यात २५० मिली साधं पाणी, लाकडी काडी, वर क्लिंग फिल्म आणि एक कोपरा उघडा. सेन्सर रिहीट लावा, फोनवर स्टॉपवॉच. काउंटडाउन किती वेळाने सुरू होतं ते लिहा. दार उघडं ठेवून पंधरा मिनिटं थंड होऊ द्या, पुसा, ताजं पाणी घ्या, परत. असं तीनदा.

७०० ते ८०० वॅटच्या मशीनला एवढं पाणी उकळीला आणायला साधारण दीड ते अडीच मिनिटं लागतात आणि सेन्सरने त्याच सुमारास वाफ पकडायला हवी. तिन्ही वेळा आकडे जवळजवळ सारखे आले तर सेन्सर चांगला आहे, तुमची सवय बदला. आरशावर वाफ धरतेय पण मशीनला पत्ताच नाही, किंवा सगळं कोरडं असताना दहा सेकंदांत "वाफ आली" म्हणतंय, किंवा एकदा चाळीस सेकंद, एकदा तीन मिनिटं असं काहीही येतंय, तर मात्र सेन्सर, त्याची वायर किंवा बोर्ड. एवढं कळलं की आपलं काम झालं.

कन्व्हेक्शनवाल्यांनी याऐवजी ओव्हन थर्मामीटर आत ठेवून, मायक्रोवेव्ह मोड न लावता फक्त कन्व्हेक्शनवर १८० ला वीस मिनिटं चालवून बघा. दहा-वीस अंशांचा फरक चालतो, पन्नासचा नाही. त्या थर्मिस्टरची वायर तुटली तर बोर्डाला ओव्हन बर्फासारखा थंड वाटतो, शॉर्ट झाली तर भट्टीसारखा गरम, म्हणून तिथे बहुतेक वेळा कोड लगेच येतो.

इथे थांबा

कव्हर उघडायचं नाही. मला माहितीय व्हिडिओत लोक उघडतात, मल्टीमीटर लावतात, पाच मिनिटांत सेन्सर बदलतात. टीव्हीचा रिमोट उघडणं आणि हे यात फरक आहे. आतला ट्रान्सफॉर्मर साधारण २००० व्होल्ट देतो, कॅपॅसिटर आणि डायोड मिळून मॅग्नेट्रॉनला ४००० च्या आसपास पोचवतात, आणि प्लग काढल्यावरही तो कॅपॅसिटर चार्ज धरून असू शकतो. इन्व्हर्टर प्रकारचा मायक्रोवेव्हही काही कमी नाही. या धक्क्याने माणूस जागेवर जातो. सेन्सर भले पाच व्होल्टवर चालत असेल, त्याच्यापर्यंत पोचायची वाट याच्या शेजारून जाते. शिवाय वॉरंटी असेल तर तीही गेली.

आणि या गोष्टी दिसल्या तर वरच्या चाचण्याही करत बसू नका, प्लग काढा आणि फोन करा: दार वाकलंय, नीट बसत नाही, काच किंवा आतली जाळी फुटलीय, दार उघडं असताना आतून चालू असल्यासारखा आवाज, जळका वास, ठिणग्या, नेहमीपेक्षा मोठी घरघर, चालू केला की एमसीबी पडतोय, कीपॅड आपोआप दाबला जातोय. शेवटच्यात कधी कधी झुरळं असतात हो, बोर्डाजवळ त्यांना ऊब मिळते, पण तेही मेकॅनिकच साफ करेल.

मेकॅनिक आला की "सेन्सर गेलाय" म्हणू नका, नाहीतर तो सेन्सरच बदलून जाईल. सांगा की मॅन्युअल टाइमवर चालतो, पाण्याने तीनदा बघितलं, हे आकडे आले, कोड हा आणि स्टार्टनंतर इतक्या सेकंदांनी येतो. बोर्ड बदलायला सांगितला तर आधी कनेक्टर काढून परत घट्ट बसवून बघा म्हणा, आणि सेन्सरचा रेझिस्टन्स त्या मॉडेलच्या सर्व्हिस शीटशी ताडून दाखवा म्हणा, कारण बोर्ड हा सगळ्यात महाग पार्ट. जुना पार्ट परत मागून घ्या. कव्हर लावल्यावर दाराभोवती लीकेज मीटर (बाहेर गळणाऱ्या मायक्रोवेव्ह लहरी मोजणारा) फिरवून घ्यायला विसरू नका, ५ सेंटिमीटर अंतरावर चौरस सेंटिमीटरला ५ मिलीवॅट ही मर्यादा आहे.

तोपर्यंत कोडने मशीन अडवलं नसेल आणि वरच्या धोक्याच्या यादीतलं काही नसेल तर हाताने टाइम टाकून वापरा. आमच्याकडे सेन्सर येईपर्यंत तीन आठवडे दारावर कागद चिकटवला होता, एक वाटी दीड मिनिट, मोठा वाडगा अडीच, मध्ये एकदा ढवळा. सेन्सर नवीन बसून वर्ष झालं, कागद अजून तिथेच आहे आणि घरात सगळे तोच बघतात.